टोचूचं भरीचं वाक्य

"मी हो म्हणून टाकलं," तगारे म्हणाले.

"कशाला हो?"

"ते साताऱ्याचे लोक नाहीत का, ढोलीकर? येत्या रविवारी तू येतेयस म्हणून कळवलं. तुझ्याच फोनवरून. शेवटी जोडलेले हात पण टाकले."

माझ्या हातात लाटणं होतं, एवढंच सांगते.

तगारे म्हणजे माझे यजमान. साखर कारखान्यात केमिस्ट होते. रिटायर झाल्यापासून त्यांना दोनच कामं, माझ्या फोनमध्ये डोकावणं आणि दाराच्या कड्या तपासणं. सांगलीत विश्रामबागला आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. त्या एका दाराला वरची कडी, खालची कडी, मध्ये लॅच आणि वर साखळी. मी कचरा टाकायला खाली गेले तरी माणूस आतून कडी लावणार. परत येऊन मी बेल वाजवायची, मग आतून "कोण?" म्हणून विचारणार. आणि मी "मी" म्हटलं की पुन्हा विचारणार, "मी कोण?"

आधी हे थट्टेनं चालायचं. पण ज्या काळातलं मी सांगतेय त्या काळात ते खरंच विचारायचे, कारण माझा आवाज त्यांनाही ओळखू यायचा नाही.

मी नाटकात होते. सांगलीत हौशी, मग मुंबईत जमेल तसं. पुढं डबिंगमध्ये शिरले. परदेशी सिनेमातल्या सासवा, जाहिरातीतल्या मावश्या, बोलणारी मांजरं, रडणारी बाळं, सगळ्यांना मी आवाज दिला. तीन वर्षांच्या पोरापासून नव्वदीच्या म्हातारीपर्यंत घशातून काढून देत होते. मग थायरॉइडला गाठ आली. ऑपरेशन चांगलं झालं, गाठ साधी निघाली, कुणाचा काही दोष नाही. पण आवाजाची शीर दुखावली ती दुखावलीच. उरला तो घोगरा, फाटका, जाडाभरडा. गॅस बुक करायला फोन केला की पलीकडची मुलगी म्हणायची, "हां काका, बोला."

काका! मी फोन घेणंच बंद केलं. दोन वर्षं बाहेरच्या कुणाशी बोलले नाही. भाजीवाल्याला बोटानं दाखवायची. ऑपरेशनचं घरच्यांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि त्यात हे ढोलीकर.

पूर्वी कधीतरी मी एका कार्टूनला आवाज दिला होता. कुठल्याशा थंड देशातलं ते. मराठीत नाव 'टोचूची ढोली'. टोचू म्हणजे अंगभर काटे असलेला मुठीएवढा प्राणी. तसला आपल्याकडे कुणाला माहीत नाही, म्हणून साळिंदराचं पिल्लू म्हणून खपवला. जंगलातले सगळे प्राणी एका मोठ्या झाडाच्या ढोलीत राहतात. संध्याकाळी एकेक जण घरी येतो आणि टोचू दारात बसून बघतो, सगळे आले का? रोज कुणीतरी एक राहिलेला असतो. तो येईपर्यंत टोचू जेवत नाही. शेवटी तो येतो, संपलं. मारामारी नाही, जादू नाही, काही नाही. चॅनेलवाल्यांनी ते सकाळी नाश्त्याच्या वेळेला लावलं आणि थोड्या दिवसांत गुंडाळलं. मी विसरूनही गेले.

आणि आता इतक्या वर्षांनी मला मेसेज यायला लागले. पोराटोरांचे नाहीत, चांगल्या मिशावाल्या बाप्या माणसांचे, संसारी बायकांचे. 'ताई, आम्ही ढोलीकर. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंतचे सगळे वर्षातून दोनदा साताऱ्याला जमतो. एकदा या. टोचूचा आवाज प्रत्यक्ष ऐकायचा आहे.'

"अहो, ते मला नाही बोलवत," मी तगाऱ्यांना म्हटलं. "टोचूला बोलवतायत. आणि टोचू आता माझ्याकडे नाही. मी तिथं तोंड उघडलं की त्यांच्या कानात जो आहे तोसुद्धा जाईल. मला नाही मारायचा तो माझ्या हातानं."

"मग नको उघडू तोंड. नुसती बसून ये. घसा बसलाय म्हणू."

"खोटं बोलायचं?"

"बसलाच आहे ना घसा? कायमचा बसलाय, एवढं फक्त सांगायचं नाही."

केमिस्टच्या डोक्याला उत्तर नसतं. मी गळ्यावरची खूण झाकायला स्कार्फ गुंडाळला आणि रविवारी सकाळी आम्ही एसटीत बसलो. निघताना तगाऱ्यांनी कुलूप तीनदा ओढून बघितलं ते वेगळंच.

साताऱ्यात जमायची जागा म्हणजे एक बालवाडी. सुकुमार चौगुले म्हणून जो मुलगा हे सगळं जमवायचा त्याच्या बायकोची. मुलगा म्हणतेय, पण चाळिशीला आलेला. दूध संकलन केंद्र चालवायचा, कपाळावर गंध, बोलणं एकदम मोकळं. तो धावत बाहेर आला आणि मला वाकून नमस्कार करून म्हणाला, "ताई, आलात! मला वाटलं शेवटच्या क्षणी नाही म्हणताय."

मी हसले. तगारे लगेच पुढं. "हिचा घसा जरा बसलाय हो. एसटीतला वारा."

"अरे देवा!"

आत गेले तर काय सांगू! भिंतीवर अननस आणि इमारत, आणि खाली त्या बारक्या बारक्या लाल-पिवळ्या खुर्च्यांवर ही थोराड माणसं, गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसलेली. प्रत्येकासमोर एक बटाटा, त्याला काड्या खोचलेल्या आणि मिऱ्याचे दोन डोळे. टोचू! मी आत पाऊल टाकताच सगळे उठायला गेले, आणि दोघातिघांच्या खुर्च्या त्यांच्याबरोबर उठल्या.

मला हसू आवरेना. तिथंच मला ती माणसं आवडली.

पण घसा बसल्याची बातमी पसरली आणि जी काय धावपळ उडाली! कुणी गरम पाणी आणलं, कुणी लवंग, कुणी ज्येष्ठमध. एका बाईनं पर्समधून खडीसाखर काढली. एक उंच, केस पिकलेले गृहस्थ दाराजवळच्या खुर्चीवर बसून होते, ते बसल्या जागेवरून म्हणाले, "मिठाच्या गुळण्या. मी डॉक्टर नरसाळे, फलटणचा. जनावरांचा आहे, पण घसा तो घसा."

"काही घाई नाही, ताई," सुकुमार म्हणाला. "जेवणाच्या वेळेपर्यंत सुटतोय बघा. एकच वाक्य तर म्हणायचंय."

"कुठलं वाक्य?" तगाऱ्यांनी विचारलं.

सगळे असे बघायला लागले की जणू यांनी स्वतःचं नाव विचारलं. सुकुमारच लाजत लाजत म्हणाला, "शेवटचं की हो. 'दार नुसतं लोटलंय. ढकल आणि ये.'"

मी चाट पडले. ते वाक्य? अहो, ते भरीचं होतं!

डबिंगमध्ये असं होतं की मराठी वाक्य लवकर संपतं आणि पडद्यावरच्याचं तोंड हलतच राहतं. त्याला आम्ही 'ओठ उरले' म्हणायचो. टोचूच्या शेवटी सगळे आत येतात, टोचू दार लोटतो आणि फटीतून बाहेरच्या अंधाराकडे बघून काहीतरी म्हणतो. आमच्या कागदावर होतं, 'शुभ रात्री'. मी म्हटलं. काचेपलीकडून आमचे दिग्दर्शक रेगे ओरडले, "हेमाताई, ओठ उरलेत! काहीतरी घाला!" दुपार झाली होती, सगळ्यांना भुका लागल्या होत्या. मी जे तोंडाला आलं ते घातलं. बरोबर बसलं. रेगे म्हणाले, "झकास, हेच राहू दे सगळ्या भागांना." आणि आम्ही जेवायला गेलो.

मी तगाऱ्यांच्या कानाशी लागले. "अहो, ते भरीचं होतं. कागदावर नव्हतं."

या माणसाच्या पोटात काही राहील तर शपथ. "ही म्हणतेय ते भरीचं होतं," त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं. "मूळच्यात नव्हतंच."

मला वाटलं, झालं, यांचा देवच मी देव्हाऱ्यातून उचलला. पण सुकुमार हसायला लागला.

"माहीत आहे की! डॉक्टरांनी मूळचं शोधून काढलंय. त्यांच्यात टोचू शुभ रात्री म्हणतो, आणि आता कडी घालतो म्हणतो. तिकडं दार बंद होतंय, ताई. मराठीत तेवढं उघडं राहतंय."

मी बटाट्याकडे बघत बसले.

मग त्यांनी एक भाग लावला. भिंतीवर पांढरी चादर, जुनं पुसट चित्र. आणि त्यातून माझा आवाज आला. बारीक, लख्ख, नाकात किंचित धरलेला. त्या दिवशी ससा राहिला होता. टोचू दारात बसून म्हणत होता, "येईल हं, येईल. मी काही झोपलेला नाही." मी दोन वर्षांत माझा आवाज ऐकला नव्हता. घरात सगळी जुनी रेकॉर्डिंग मी माळ्यावर टाकलेली. तगाऱ्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला, कारण सोडवला नसता तर तिथंच रडले असते.

शेवटचं वाक्य आलं तेव्हा ती सगळी मोठी माणसं ओठ हलवत होती.

जेवणाची वेळ झाली. मसालेभाताचा वास सुटलेला, कढी, जिलब्या. पण कुणी उठेना. तगारे चुळबुळायला लागले, त्यांना साखरेचा त्रास.

"थांबलोय कशाला?" त्यांनी विचारलं.

"वैजू यायचीय," सुकुमार म्हणाला. "वैजयंती. पोलिसात हवालदार आहे. कुणाची तरी सभा आहे, बंदोबस्त सुटला नाही अजून. तुम्ही घ्या की काका, तुम्हाला नियम नाही."

"कसला नियम?"

तेव्हा कळलं. दर वेळी त्यांच्यातला एक जण टोचू होतो. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसतो आणि सगळे आल्याशिवाय जेवत नाही. आणि तो जेवत नाही म्हणून कुणीच जेवत नाही. जो सगळ्यात शेवटी येईल त्यानं दाराबाहेर थांबायचं. दार लोटलेलं असतं. टोचूनं आतून ते वाक्य म्हणायचं, मग बाहेरच्यानं दार ढकलून आत यायचं. आज टोचू डॉक्टर नरसाळे होते, म्हणून ते मघाशी उठले नव्हते.

तगाऱ्यांनी मुकाट्यानं जिलबीचा नाद सोडून खिशातली बिस्किटं काढली. मी डॉक्टरांजवळची खुर्ची ओढली. राहवलंच नाही. अगदी कुजबुजत विचारलं, कुजबुजीत आवाज कसाही असला तरी कळत नाही.

"डॉक्टर, तुम्ही एवढी मोठी माणसं. पोरांचं कार्टून घेऊन काय बसलाय?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरांना हे आवडलं नाही, ताई. पोरांची कुणीतरी वाट बघतच असतं, त्यांना त्यात काय नवल? मी कुणाची म्हैस अडली की जातो आणि कधीही परत येतो. आई गेल्यापासून घरात कुणी नाही. एका गोठ्यात मालकानं टीव्ही लावला होता, सकाळची वेळ, मी हात धूत होतो. टोचू म्हणाला, दार नुसतं लोटलंय. मी हात धुवायचा थांबलो."

"आणि सुकुमार?"

"तो तेव्हा पुण्यात शिकत होता. नापास झालेला. घरी तोंड दाखवायची लाज वाटायची. मेसच्या टीव्हीवर बघायचा रोज."

"मग गेला घरी?"

"गेला की. एकदम नाही. पण रोज ऐकून ऐकून गेला. वैजूचं वेगळं. ती म्हणते, आमची नोकरी दारं वाजवायची. आमचा गणवेश बघितला की आतल्याचा चेहराच उतरतो. आम्हाला बघून कुणी 'ये' म्हणत नाही. आज तुम्ही येणार म्हणून गेले चार दिवस तिनं डोकं खाल्लंय."

मी मान खाली घातली. डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई, स्कार्फ गरम होत असेल तर काढा. इथं तसं कुणी बघत नाही."

त्यांनी बघितलेलं होतं. जनावरांचा असला तरी डॉक्टरच तो. मी स्कार्फ आणखी आवळला.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली, पायऱ्यांवर बूट वाजले आणि दाराबाहेर थांबले. दार लोटलेलंच होतं. खालच्या फटीतून ते चिखल लागलेले तपकिरी बूट तेवढे दिसत होते.

"आले गं बाई!" बाहेरून धापा टाकत आवाज आला. "ताई आल्यात का?"

"आल्यात!" सगळे एकदम ओरडले.

"मग डॉक्टर, आज तुम्ही गप बसा. मी त्यांचंच ऐकून आत येणार."

सुकुमार दाराशी जाऊन म्हणाला, "वैजू, ताईंचा घसा बसलाय गं. आज नाही जमणार."

मग ती म्हणाली, "असू दे, असू दे. मग डॉक्टर, तुम्हीच म्हणा." आवाज हसराच होता, पण त्यातली हवा गेलेली होती. आवाजातलं कळतं मला, आयुष्यभर तेच केलंय.

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते उठले आणि त्यांनी ती बारकी पिवळी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी तगाऱ्यांकडे बघितलं. एरवी ज्यांच्या पोटात काही राहत नाही ते तगारे बिस्किट हातात धरून गप्प.

मी जाऊन बसले. श्वास घेतला, नाकात धरला, टोचूची पट्टी लावली. "दार..." आणि नुसती हवा. फुस्स! पुन्हा केलं. या वेळी फाटलं, चिंधी फाटावी तसं. मागं कुणाची तरी खुर्ची करकरली. ज्याची भीती होती तेच झालं होतं आणि ते सगळ्यांदेखत झालं होतं. मग मात्र मला स्वतःचाच राग आला. ते बूट बिचारे बाहेर उभे आणि मी आत बसून गाणं शिकल्यासारखी सूर काय लावतेय!

मी स्कार्फ काढला आणि माझ्या त्या जाड्याभरड्या आवाजात म्हटलं, "बाई गं, ऐक. माझा घसा बसलेला नाही. ऑपरेशन झालंय. तो आवाज गेला माझा, परत यायचा नाही. आता हाच आहे."

बाहेरून वैजयंती म्हणाली, "मग ह्यात म्हणा की."

"टोचूसारखं येणार नाही ते."

"मी तरी कुठं तेव्हासारखी राहिलेय, ताई?"

मी दाराकडे बघितलं. फटीतून ऊन आणि ते बूट. मी सूर लावला नाही, पट्टी धरली नाही, काही केलं नाही. नुसतं म्हटलं, "दार नुसतं लोटलंय. ढकल आणि ये."

आणि माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मला ओळखू आला होता.

दार ढकललं गेलं. खाकीतली दणकट बाई, टोपी काखेत, घामानं चेहरा डबडबलेला. ती आत आली, माझ्यासमोर त्या बालवाडीच्या फरशीवर मांडी घालून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग सुकुमारकडे वळून म्हणाली, "मोठा झाला की रे टोचू! आपल्याबरोबर मोठा झाला."

सुकुमारनं तोंड फिरवलं. खडीसाखरवाली बाई सरळ रडायलाच लागली. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले, कुणी म्हणालं पुन्हा म्हणा, कुणी म्हणालं आधी जेवा, कढी गार झाली. मीही रडत होते. त्यांना वाटलं, गेलेल्या आवाजासाठी रडतेय. वैजयंतीनं माझे डोळे आपल्या रुमालानं पुसले आणि मला भाताचं ताट आणून दिलं. त्या दिवशी मी दोन वर्षांचं एकदम बोलले. रेग्यांच्या नकला केल्या, ओठ उरल्याच्या गमती सांगितल्या, त्या घोगऱ्या आवाजात हसले. कुणीही काका म्हणालं नाही.

परतीच्या एसटीत कराड मागं पडल्यावर तगारे म्हणाले, "सासूबाईच बोलल्या की."

"तुम्हाला कळलं?"

"कळणार नाही? लग्न ठरवायला आलो तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला. स्वयंपाकघरात कुणी पुरुष आचारी ठेवलाय असं वाटलं होतं मला."

माझी आई. जन्मभर चुलीपुढं बसून धुरानं तिचा घसा असाच झाला होता. जाडाभरडा, घोगरा. आम्ही भावंडं तिच्या माघारी हसायचो. वडील कडक. मुलीनं नाटकात काम करायचं हे त्यांना मंजूर नव्हतं. बंद करता येईना, म्हणून त्यांनी नियम घातला. दिवेलागणीला घरात हवं, नाही तर दाराला कडी. आणि तालमी तर दिवेलागणीनंतरच सुरू व्हायच्या. आई त्यांच्यापुढं कधी एक शब्द बोलली नाही. पण मी चपला घालत असले की पदराला हात पुसत यायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "दार नुसतं लोटते. ढकल आणि ये." रोज. बिजागरी वाजू नये म्हणून तिच्यात गोडं तेल घालायची, आणि वडील झोपल्यावर कडी काढून ठेवायची. मी नाटकात आले ती त्या दारातून आले. आणि आईचे हे शब्द त्या दुपारी भुकेच्या तंद्रीत माझ्या तोंडून गेले तेव्हा मला ते कुणाचे, हेही आठवलं नव्हतं. ओठ उरले होते, भरून टाकले.

नाटकात मी कुणाकुणाचे आवाज काढले. आईचा कधी काढला नाही. तो जमायचाच नाही मला, घसा फार लख्ख होता. ती गेल्यावर कितीदा वाटायचं की एकदा तरी तो आवाज कानावर पडावा. तिचं एक रेकॉर्डिंग नाही आमच्याकडे. माझी तर माळाभर आहेत.

"मी दोन वर्षं त्या आवाजाला शिव्या घालतेय," मी म्हटलं.

"घाल की," तगारे म्हणाले. "सासूबाई काही मनाला लावून घ्यायच्या नाहीत." आणि खिडकीतून बाहेर बघत त्यांनी चष्मा पुसला.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. सगळी कुलपं उघडून आम्ही आत गेलो. घरात दूध नव्हतं. तगारे पिशवी घेऊन निघाले, चपला घातल्या आणि नेहमीसारखं म्हणाले, "आतून कडी लाव गं."

मी पदराला हात पुसत दारापर्यंत गेले. माझ्या त्याच आवाजात म्हटलं, "दार नुसतं लोटते. ढकला आणि या."

ते जिन्यात थांबले. एरवी दहा वेळा कडी तपासणारा माणूस, काहीतरी बोलेल असं वाटलं. दोन पायऱ्या उतरून वर न बघताच म्हणाले, "येतो हं, सासूबाई."

मी कडी लावली नाही.